मिलानची नृत्यशाळा आणि मेनकाबाईंचे खंडाळा

गेल्या पावसाळ्यात नामपूर येथे एका सायंकाळी आम्हा चारसहा स्नेह्यांची बैठक जमली होती. मोसम नदी दुथडी भरून वाहत होती; बाहेर पडण्याची सोय नव्हती; आणि म्हणूनच की काय, इटलीतील मिलान शहराच्या ला स्काला नाट्यगृहाच्या मंडळीने २००२ साली सादर केलेल्या ‘एक्सेल्सिओर’ या बॅलेचे चित्रमुद्रण आरंभापासून अखेरपर्यंत पाहण्याचा योग आला. ज्ञानप्रकाश आणि अंधश्रद्धेचा अंधकार अशी दोन पात्रे एकमेकांशी झगडत आहेत. वाफेची नौका, व्होल्टाची विद्युत्, तारायंत्र, सुएझचा कालवा हे एकेक विजय रंगभूमीवर मांडले जात आहेत. आणि आल्प्स पर्वतातील बोगदा दोन्ही टोकांकडून खणीत आलेले मजूर मध्यभागी भेटून एकमेकांना कवटाळीत आहेत, असा हा सारा प्रकार. लुइजी मान्झोत्ती याने तो रचिला, रोमुआल्दो मारेंको याने त्यास संगीत दिले आणि ११ जानेवारी १८८१ रोजी त्याचा पहिला प्रयोग याच नाट्यगृहात झाला. एकही शब्द उच्चारला जात नसताना आमच्या मंडळींना कथा कळण्यास काही अडचण पडली नाही.

प्रयोग संपल्यावर आमचे एक वृद्ध स्नेही, ज्यांची सारी हयात संस्कृत शिकविण्यात गेली, बराच वेळ स्वस्थ बसून होते. मग ते म्हणाले, “सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे नाटक या लोकांनी जसेच्या तसे उभे केले. आपल्या मेनकाबाईंचे ‘मालविकाग्निमित्र’ त्याच्या निम्म्या वयाचे. ते आज मला कोणी दाखवील काय?” या प्रश्नास त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढील विवेचन हे त्या उत्तराच्या शोधातून निघालेले आहे.

प्रथम मिलानकडे वळू. ला स्काला हे नाट्यगृह १७७८ साली उघडले. युरोपात त्याची कीर्ती मुख्यतः संगीत-नाटकांसाठी आहे. परंतु त्याच छपराखाली आरंभापासून बॅलेही नांदत आला. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साल्व्हातोरे विगानो याने तेथे आपली भव्य मूकनाट्ये बसविली. बीथोव्हेनच्या संगीतावर व्हिएन्ना येथे १८०१ साली रचलेली प्रॉमिथ्यूसची कथा त्याने १८१३ साली स्कालाच्या रंगभूमीसाठी विस्ताराने नव्याने मांडली. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याच १८१३ सालातील दुसरी घटना अधिक महत्त्वाची आहे. नाट्यगृहाला जोडून त्या वर्षी नृत्याची एक शाळा स्थापन झाली. नाट्यगृहाला नर्तक हवेत, ते बाहेरून आणण्याऐवजी घरीच तयार करावेत, इतकाच व्यवहारी हेतू त्यामागे असेल. पण या व्यवहारी हेतूनेच पुढील दोनशे वर्षांची तरतूद करून ठेविली.

या शाळेला खरे शास्त्र दिले ते कार्लो ब्लासिस याने. १८२० साली मिलान येथेच त्याने नृत्याच्या मूलतत्त्वांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८३७ साली तो शाळेचा प्रमुख झाला. ब्लासिस हा केवळ नर्तक नव्हता. शिल्प, चित्र, शरीररचना यांचा त्याने अभ्यास केला होता. जोव्हान्नी दा बोलोन्या या शिल्पकाराची बुधदेवतेची मूर्ती, एका पायावर तोललेली, जणू उडण्याच्या बेतात असलेली, तिच्यावरून त्याने बॅलेतील एका प्रसिद्ध स्थितीचा नियम बसविला. आमच्याकडे भरताच्या करणांचा पुरावा चिदंबरमच्या गोपुरांवर शोधतात. येथे शिल्पावरून नृत्य घडविण्याचा उलटा प्रकार झाला. त्याच्या शाळेतील मुलांना आठ वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागे. दररोज तीन तास नृत्य आणि एक तास मूकाभिनय. या शेवटच्या एका तासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पाय आणि मुद्रा, गती आणि अर्थ, यांची फारकत होऊ नये ही दक्षता त्या वेळापत्रकातच होती.

शाळेतून निघालेल्या नर्तकींची नावे घेऊ लागलो तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते: त्यांतील बहुतेकींची कीर्ती मिलानबाहेर झाली. कार्लोत्ता ग्रीसी बालपणी स्कालात शिकली आणि २८ जून १८४१ रोजी पॅरिस येथे ‘जिझेल’ची पहिली नायिका झाली. चार वर्षांनी लंडनमध्ये त्या काळच्या चार श्रेष्ठ नर्तकींना एकाच रचनेत नाचविण्याचा प्रयोग झाला, त्या चौघींत ग्रीसी होती आणि ब्लासिसच्या हाताखाली शिकलेली फॅनी चेर्रीतोही होती. व्हर्जीनिया झुक्की १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला गेली व तिच्या अभिनयाने रशियन प्रेक्षक वेडे झाले. ‘स्लीपिंग ब्यूटी’ १८९० साली तेथे प्रथम रंगभूमीवर आली तेव्हा नायिका होती कार्लोत्ता ब्रियान्झा. पिएरीना लेन्यानी हिने एका पायाच्या बोटांवर उभे राहून, दुसऱ्या पायाने चाबकासारखा फटका मारीत, ३२ गिरक्या घेऊन दाखविल्या. १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये त्या गिरक्या कायमच्या बसल्या आणि रशियातील माटिल्डा क्शेसिन्स्का हिने त्या हट्टाने आत्मसात केल्या.

घरचे धन असे परदेशी गेले म्हणून मिलान दरिद्री झाले काय? काही काळ झालेही. ‘एक्सेल्सिओर’च्या पहिल्या हंगामात शंभरांवर प्रयोग झाले खरे, परंतु त्यात शेकडो माणसांची कवायत अधिक व नृत्य कमी, हा आक्षेप खोटा नव्हे. १८९७ साली नगरपालिकेने आपले साहाय्य काढून घेतले तेव्हा नाट्यगृहाचे दरवाजेही काही काळ मिटले. तथापि जे गेले होते ते परत आले, आणि ते कसे आले हा आमच्या कथेचा कणा आहे.

एन्रीको चेक्केत्ती याचा जन्म १८५० साली रोम येथील एका नाट्यगृहात झाला. त्याचा गुरू जोव्हान्नी लेप्री हा ब्लासिसचा शिष्य. ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या पहिल्या प्रयोगात ब्रियान्झाबरोबर तोही होता, निळा पक्षी आणि दुष्ट परी अशा दोन भूमिका त्याने एकाच रात्री केल्या. पण त्याचे खरे कर्तृत्व शिक्षकाचे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी त्याने व्यायामांचा निराळा क्रम ठरविला: सोमवारचे सोमवारी, मंगळवारचे मंगळवारी. शरीराचा कोणताही भाग उपेक्षित राहू नये आणि शिक्षकाच्या लहरीवर शिक्षण अवलंबू नये, हा त्यातील हेतू. अॅना पावलोव्हा, निजिन्स्की, कार्साव्हिना या रशियन नृत्याच्या तारका त्याच्या हाताखालून गेल्या. आणि १९२५ साली हाच वृद्ध गुरू मिलानला परतला व १९२८ साली मृत्यू येईपर्यंत स्कालाच्या शाळेत शिकवीत राहिला. ब्लासिसची विद्या लेप्रीकडून चेक्केत्तीकडे, चेक्केत्तीबरोबर रशियात, आणि रशियातून पुन्हा मूळ घरी अशी फिरून आली. १९४३ च्या बाँबवर्षावात नाट्यगृह मोडले. ११ मे १९४६ रोजी ते पुन्हा उघडले. आणि त्याच वर्षी एका ट्रॅमचालकाची दहा वर्षांची मुलगी त्या शाळेत दाखल झाली. ती कार्ला फ्राच्ची. २०२१ साली ती निवर्तली तेव्हा विसाव्या शतकातील श्रेष्ठ जिझेल म्हणून जगाने तिचे स्मरण केले. ‘एक्सेल्सिओर’ही मध्यंतरी विस्मृतीत गेले होते, १९६७ साली फ्लॉरेन्स येथे त्याचे पुनरुज्जीवन झाले व पुढे ते आपल्या जन्मगृही परतले. २००२ च्या चित्रमुद्रणात नाचणारा रोबेर्तो बोल्ले हाही याच शाळेचा विद्यार्थी. नाटक मेले तरी शाळा जिवंत असल्यास ते उठविता येते, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

आता आमच्या बाजूस येऊ. आणि येण्याचा रस्ता चेक्केत्तीच्या शिष्येनेच दाखविला आहे. अॅना पावलोव्हा १९२२ च्या सुमारास हिंदुस्थानात आली. येथे नृत्य पाहावे म्हणून तिने शोध केला. सुशिक्षितांनी त्याकडे पाठ फिरविलेली तिला दिसली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या उदयशंकर यांना तिने १९२३ साली लंडनमध्ये आपल्याबरोबर राधाकृष्णाच्या नृत्यात उभे केले. आणि ज्या दुसऱ्या व्यक्तीस तिचे उत्तेजन लाभले ती म्हणजे लीला सोखी, कलेच्या जगातील मादाम मेनका. १८९९ साली पूर्व बंगालमधील बारिसाल येथे जन्मलेल्या, विलायतेत व्हायोलिन शिकलेल्या या बाई मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी. अशा घरातील स्त्रीने त्या काळी पायांत घुंगरू बांधणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी ‘नाच’ हा शब्द मुलींसमोर उच्चारीत नसत त्यांना निराळे सांगावयास नको.

परंतु केवळ धाडसासाठी मेनकाबाईंचे कौतुक करणे हा त्यांच्या कलेवर अन्याय आहे. कथक हे तोवर एकट्याचे नृत्य होते. नर्तक, तबलजी, सारंगिया आणि समोर रसिकांचा लहानसा घेर. बोल म्हणून दाखवावेत, तोडा नाचावा, समेवर यावे, दाद घ्यावी. या सामग्रीतून संपूर्ण कथानक, अनेक पात्रे, समूहरचना, प्रसंगास अनुरूप वेषभूषा असे शब्दावाचून चालणारे नृत्यनाट्य उभे करता येईल काय, हा मेनकाबाईंनी स्वतःस घातलेला प्रश्न होता. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय’, ‘मेनकालास्य’ आणि १९३९ च्या सुमाराचे ‘मालविकाग्निमित्र’ ही त्याची उत्तरे. सीताराम प्रसाद यांच्याकडे त्या शिकल्या. लखनौ घराण्याचे अच्छन महाराज व लच्छू महाराज यांचाही त्यांना लाभ झाला. ‘मालविकाग्निमित्रा’त त्यांनी कथकाच्या जोडीस कथकळी आणि मणिपुरी यांची अंगेही घेतली. रामनारायण, गौरीशंकर आदी नर्तकांसह त्यांची मंडळी १९३६ ते १९३८ या काळात युरोपभर हिंडली. बर्लिनच्या १९३६ च्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत तिचा सन्मान झाला. युरोपहून परतल्यावर खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर त्यांनी ‘नृत्यालय’ उघडले. महायुद्धाचे दिवस आणि पुढे ढासळलेली प्रकृती यांनी ते फार काळ चालू दिले नाही. १९४७ साली मेनकाबाई निवर्तल्या.

आज त्यांच्या मंडळीचे काय उरले आहे? काही छायाचित्रे, युरोपीय वर्तमानपत्रांतील परीक्षणे, रिखार्ड आइखबेर्ग याच्या १९३८ सालच्या एका जर्मन बोलपटात टिपलेला नृत्याचा तुकडा. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. ‘मालविकाग्निमित्र’ कोणी दाखवू शकणार नाही. कारण ज्या देहांत ते होते ते देह राहिले नाहीत आणि त्या देहांनी ते दुसऱ्या देहांच्या स्वाधीन केले नाही.

येथे एक रास्त आक्षेप येतो. कोणी म्हणेल, आमच्याकडे शाळा नव्हती असे कसे म्हणता? घराणे ही शाळाच नव्हे काय? आणि नृत्यालय बंद पडले तरी तेथील विद्या नष्ट झाली नाही. मुंबईत जन्मलेल्या दमयंती जोशी मेनकाबाईंच्या छायेत वाढल्या, दहाएक वर्षांच्या वयात त्यांच्या मंडळीबरोबर युरोप हिंडल्या आणि पुढे स्वतंत्र भारतातील अग्रगण्य कथक-नर्तकी झाल्या. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान व १९७० साली पद्मश्री त्यांना मिळाली. शिरीन वजीफदार यांनी खंडाळ्यातच पहिले धडे घेतले. लच्छू महाराजांचा हात पुढे दिल्लीच्या भारतीय कला केंद्रातील कथक-नृत्यनाट्यांना लागला. मेनकाबाई ज्या १९४७ साली गेल्या त्याच साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ स्थापन केली, आणि त्याही लच्छू महाराजांच्याच शिष्या. तेव्हा चेक्केत्तीची विद्या जशी फिरून घरी आली तशीच ही आली नाही काय?

या आक्षेपातील प्रत्येक गोष्ट खरी आहे, आणि तिचा आम्हांस आनंद आहे. पण नीट पाहिले असता त्यातूनच आमचा मुद्दा स्पष्ट होतो. दमयंतीबाई कीर्तीस चढल्या त्या एकटीने नाचून. घराण्याने जपले ते एकल नृत्य: तोडे, परणी, गत, भाव. ते उत्तम जपले; गुरूच्या पुढे एक शिष्य बसला की ती विद्या पोहोचती होते, तिला छप्पर लागत नाही. समूहाच्या नृत्याची गोष्ट निराळी. वीस माणसांनी रंगभूमीवर कोठे उभे राहावे, कोणी कोणाच्या डावीकडून निघावे, नायिका थांबताना मागची ओळ काय करते, हे एका शिष्याच्या देहात मावत नाही. ते मंडळीच्या देहात असते. मंडळी फुटली की ते विरते. रोहिणीबाईंनी समूहरचना केल्या, शिष्यांची पिढी घडविली. शाळा त्यांनी साठ वर्षे सांभाळली. परंतु त्या शाळेला स्वतःचे नाट्यगृह नव्हते, आणि आमच्या नाट्यगृहांना स्वतःची शाळा नाही. आमची रंगमंदिरे रात्रीपुरती भाड्याने मिळतात. सकाळी तेथे दुसऱ्याच कोणाचा समारंभ असतो. मिलानमध्ये शाळा, मंडळी आणि रंगगृह ही तिन्ही एका कुळात नांदली, म्हणून एकीवर संकट आले तेव्हा इतर दोघींनी तिला हात दिला. आमच्याकडे तिन्ही होती. एका वेळी, एका घरी मात्र ती कधी नव्हती.

हे केवळ नृत्याचेच नव्हे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून आमच्या नाटकमंडळ्यांनी मुले घेतली, त्यांस जेवू घातले, गाणे शिकविले, चालणे-बोलणे शिकविले. त्या तालमी कोणत्याही शाळेस लाजविणाऱ्या होत्या. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व मंडळीच्या तालमींच्या आठवणी सांगणारे लोक आम्ही बालपणी पाहिले आहेत. पण ती तालीम मंडळीच्या पोटात होती. मंडळी बुडाली तेव्हा तिच्याबरोबर तीही बुडाली. आमच्या यात्रेत उतरणाऱ्या तमाशाच्या फडाचीही हीच कथा आहे. फड हीच शाळा, आणि फडमालक कर्जात गेला की शाळा मिटली.

शाळेचा आम्ही इतका पुरस्कार करीत आहो म्हणून तिचे दोष आमच्या दृष्टीआड आहेत असे नव्हे. कोवळ्या वयातील देहावर लादलेली शिस्त क्रौर्याच्या सीमेवर कधी जाते हे सांगता येत नाही. शिवाय शाळा कौशल्य शिकविते आणि कौशल्याला टाळ्या मिळतात. लेन्यानीच्या ३२ गिरक्या आल्या आणि प्रेक्षक गिरक्या मोजू लागले. आमच्याकडेही चक्करांची संख्या मोजणारे रसिक आहेतच. ब्लासिसने मूकाभिनयाला राखून ठेवलेला तो एक तास जेथे विसरला जातो तेथे शाळा कसरतीचा आखाडा होते. ‘एक्सेल्सिओर’ पाहताना आम्हांस स्वतःस मधूनमधून तसा भास झाला. मेनकाबाईंच्या नृत्यात अर्थाचे स्थान पहिले होते असे त्यांच्या विषयनिवडीवरून दिसते, आणि म्हणूनच तिचा लोप अधिक जाणवतो.

या सर्व विवेचनात एक योगायोग आमच्या मनातून जात नाही. मेनकाबाईंनी आपल्या प्रौढ कृतीसाठी कालिदासाचे जे नाटक निवडले, त्याच्या पहिल्याच अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचे भांडण आहे. श्रेष्ठ कोण? निवाडा करणारी परिव्राजिका कौशिकी त्यांना नाचून दाखवावयास सांगत नाही. आपापल्या शिष्येस पुढे आणा, असे सांगते. कोणापाशी विद्या स्वतःपुरती असते, कोणास ती दुसऱ्यात संक्रांत करण्याची हातोटी असते; दोन्ही ज्याच्या ठायी आहेत तो आचार्यांत पहिला, अशा आशयाचा तिचा अभिप्राय आहे. मालविका नाचते, आणि जिंकतो तिचा गुरू. हे नाटक निवडणाऱ्या बाईंना खंडाळ्याचे मोल कळले नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना ते पुरेपूर कळले होते. कमी पडला तो काळ, पैसा, आणि बहुधा आम्हीही.

‘आम्ही’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजिला आहे. आज आमच्या घरोघरच्या मुली नृत्य शिकतात, परीक्षा देतात, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात. नाशिकपासून नामपुरापर्यंत ज्या घरांत एके काळी घुंगरांचा आवाज निषिद्ध होता तेथे तो आज अभिमानाने ऐकविला जातो, आणि याचे श्रेय मेनकाबाईंसारख्यांना आहे. परंतु अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ते घुंगरू पेटीत जातात. मुलीने एक छंद म्हणून नाचावे इतके आम्ही मान्य केले आहे. तिने वीसजणींच्या मंडळीत तिसऱ्या ओळीत उभे राहून त्यावर पोट भरावे, हे आम्ही अद्याप मान्य केलेले नाही. आणि नायिका कोठेही निर्माण होते. तिसरी ओळ मात्र शाळा, मंडळी आणि रंगगृह यांनी मिळून जपावी लागते. एखाद्या नगरपालिकेने आपल्या रंगमंदिराला पंचवीस मुलांची एक शाळा जोडून दहा वर्षे ती मोडू दिली नाही, तर आमच्या वृद्ध स्नेह्यांना नाही तरी त्यांच्या नातवाला आम्ही ‘मालविकाग्निमित्र’ दाखवू शकू. ते मेनकाबाईंचे नसेल. पण शब्दावाचून कथा सांगणारी, आमच्याच मुलांची ती एक मंडळी असेल.

त्या रात्री पाऊस उघडल्यावर स्नेह्यांना घरी पोहोचवावयास आम्ही निघालो. वाटेत त्यांनी पुन्हा विचारले, “त्या बोगद्यातल्या मजुरांपैकी डावीकडून तिसरा तो पोरगा पाहिलात? त्याचे नाव कोणाला ठाऊक नसेल. पण काय नाचत होता!” आम्ही त्याला पाहिला नव्हता. आमची दृष्टी नायकावर होती.